उजाड खाणी आणि वृक्ष

नवी मुंबईच्या पूर्वेस पारसिकची डोंगररांग उभी आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या गांवांभोंवतीं नवें नगर उठूं लागलें. नगराला दगड हवा होता आणि डोंगर हाताशीं होता. नगर उभें राहिलें; डोंगराचे मात्र लचके तुटले. तुर्भ्याच्या बाजूस त्याचे तासलेले, उघडे कडे दिसतात. अशा उतारावरील चुरा पावसाळ्यांत खालीं येणारच. आणि खालीं माणसांची वस्ती आहे.

या उतारांवर झाडें लावावीं, हा विचार कोणासहि सुचेल. परंतु कातळांत खड्डा खणून रोप लावलें, तर पुढच्या वैशाखांत बहुधा वाळलेली काटकीच उरते. असें कां व्हावें?

कारण हें कीं, खाण केवळ दगड नेत नाहीं. ती माती नेते. माती म्हणजे दगडाचा भुगा नव्हे. दगडाचे कण, कुजलेला पाला, ओल, हवा आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव यांचा तो संसार आहे. तिचा इंचभर थर बनण्यास निसर्गाला शतकें लागतात.

धातूंच्या खाणींची अवस्था याहून बिकट. तेथें माती तर जातेच, शिवाय उपसलेल्या टाकाऊ ढिगाऱ्यांत धातूंचा अंश राहतो आणि वाऱ्यापाण्याबरोबर शेतांत व विहिरींत उतरूं शकतो. नागपूर जिल्ह्यांतील गुमगांवच्या मँगनीज खाणीपाशीं असेच ढिगारे होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नागपूरच्याच नीरी या संस्थेनें त्यांवर वृक्ष वाढविण्याचा प्रयोग केला.

या प्रयोगाचें मर्म असें कीं, तेथें झाडाआधीं मातीचा विचार झाला. साखर कारखान्यांत उंसाचा रस गाळल्यावर जो गाळ उरतो, त्यास प्रेसमड म्हणतात. तो खड्ड्यांत घातल्यानें ओल धरून ठेवणारें व जीवांना अन्न देणारें द्रव्य मिळालें. मग रोपांच्या मुळांना उपयुक्त जिवाणूंची व बुरशीची जोड दिली. रायझोबियम नांवाचे जिवाणू शेंगवर्गी झाडांच्या मुळांवर गांठी करून हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात. बुरशीचे सूक्ष्म धागे मुळांच्या पलीकडे पसरून स्फुरद व पाणी ओढून आणतात. एवढी शिदोरी मिळाल्यावर साग, शिसू, कडुनिंब यांसारखीं झाडें त्या नापीक ढिगाऱ्यांवर उभीं राहिलीं. पाला गळूं लागला, तो कुजला आणि माती स्वतःच वाढूं लागली.

मग झाड जमिनींतील धातु पिऊन टाकतें काय? क्वचित् तसें घडतें. पॅसिफिक महासागरांतील न्यू कॅलेडोनिया बेटावर एक वृक्ष आहे. त्याचा चीक निळसर हिरवा असतो. १९७६ सालीं शास्त्रज्ञांनीं तपासलें, तेव्हां सुकलेल्या चिकाचा सुमारें चौथा हिस्सा निकेल असल्याचें आढळलें! परंतु असे वृक्ष विरळा. सामान्य झाडाचें काम निराळें: मुळांनीं ढिगारा बांधून ठेवणें, पानांवर पावसाचा मारा झेलणें आणि पाल्याच्या खतांत धातूस अडकवून ठेवणें. विष नाहींसें होत नाहीं. तें जागच्या जागीं राहतें. म्हणून अशा जमिनीवरील फळें व चारा तपासल्यावांचून वापरणें धोक्याचें होय.

पारसिकच्या काळ्या पाषाणांत असें धातूचें भय नाहीं. तेथें उणीव आहे ती मातीचीच. तेव्हां प्रथम उतारावर दगडी बांध घालून गाळ व पाणी अडवावें, त्यांत गवत रुजवावें, मग करंज, शिरीष यांसारखीं शेंगवर्गी झाडें लावावीं. भिंतीच्या फटींतहि तग धरणाऱ्या उंबर-पिंपळांस कातळाच्या भेगा द्याव्यात. वृक्षारोपणाच्या समारंभांत लाविलेल्या रोपांचा आंकडा मोठ्यानें सांगितला जातो. खरा आंकडा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजावयाचा असतो, आणि तो मोजतांना झाडांबरोबर त्यांच्या बुंध्याशीं साठलेली माती पाहावयाची असते.