हाताचे पुनर्वसन : नवोदित उपचारकांच्या प्राथमिक प्रशिक्षणाचे स्वरूप
(शहादा परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : हस्तोपचार, व्यवसायोपचार, भौतिकोपचार, स्प्लिंट, पुनर्वसन

प्रस्तावना :

शहादा हा गोमाई नदीच्या खोऱ्यातील कृषिप्रधान तालुका आहे. ऊस, कापूस, केळी व पपई या येथील पिकांचे बरेचसे काम आजही हातानेच होते. ऊसतोडीचा कोयता, कडबाकुट्टीची पाती, मळणीयंत्राचे फिरते भाग यांच्याशी शेतकरी व मजूर यांच्या हाताचा रोजचा संबंध असतो. अशा हाताला इजा झाली की शल्यचिकित्सक तुटलेला स्नायुबंध शिवतो, मोडलेले हाड जुळवतो. परंतु तो हात पुन्हा कोयता धरू शकेल किंवा भाकरी थापू शकेल काय, हे पुष्कळ अंशी त्यानंतरच्या दहा-बारा आठवड्यांत ठरते. या काळात रुग्णासोबत जो असतो तो हस्तोपचारक होय. या क्षेत्रात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार पदवीधरांना प्रारंभी काय शिकविले जावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

भारतातील व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा प्रारंभ महाराष्ट्रात झाला. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचे पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश झाला. १९५५ मध्ये मुंबईतच भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली.

हाताच्या पुनर्वसनाला दुसरी दिशा कुष्ठरोगाच्या कार्यातून मिळाली. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या वाकड्या बोटांवर स्नायुबंध स्थलांतराची शस्त्रक्रिया केली. आखडलेली बोटे टप्प्याटप्प्याने बदलत जाणाऱ्या प्लास्टरच्या नळकांड्यांनी सरळ करण्याच्या पद्धतीसही त्यांच्या कार्यातून चालना मिळाली. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर शिस्तबद्ध उपचार नसेल तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते, हा त्या कार्याचा धडा आजही लागू पडतो. स्वतंत्र विशेषशाखा म्हणून हस्तोपचाराला अमेरिकेत १९७७ मध्ये संघटित रूप आले.

पहिला पाठ : जखम भरण्याचा क्रम :

मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत हाताला २७ हाडे असतात. ही रचना विद्यार्थी पदवीकाळातच पाठ करतात. तथापि उपचारकाला त्याहून अधिक गरज असते ती काळाच्या जाणिवेची. पहिले काही दिवस दाहाचे असतात. त्यानंतर साधारणतः तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवी ऊती तयार होते आणि पुढील अनेक महिने ती पक्व होत राहते. शिवलेला स्नायुबंध आरंभीच्या आठवड्यांत दुबळा असतो. त्यावर ताण आला तर तो तुटतो. उलट त्याला पूर्ण स्थिर ठेवले तर तो भोवतालच्या ऊतींना चिकटतो आणि बोट आखडते. या दोन धोक्यांमधील अरुंद वाट चालणे म्हणजेच हस्तोपचार होय. तळहाताच्या मधल्या आडव्या रेषांपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या भागात, जेथे दोन स्नायुबंध एकाच अरुंद आवरणातून जातात, तेथे ही वाट सर्वांत बिकट असते. १९६० नंतर क्लाइनर्ट, ड्युरान आदींनी संरक्षित हालचाल लवकर सुरू करण्याच्या पद्धती मांडल्या. आज शिवणीची ताकद पाहून नियंत्रित सक्रिय हालचालही पहिल्याच आठवड्यात दिली जाते. मात्र कोणती पद्धत वापरायची याचा निर्णय शल्यचिकित्सकाशी बोलूनच घ्यावा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावली पाहिजे.

दुसरा पाठ : मोजमाप :

नवोदित उपचारकाचा कल हात पाहताच व्यायाम सांगण्याकडे असतो. त्याला आधी मोजायला शिकवावे. रुग्णाचा प्रमुख हात कोणता, काम कोणते, इजा कधी व कशाने झाली, ही माहिती प्रथम घ्यावी. नंतर सूज, सांध्यांची हालचाल, पकड व संवेदना यांची नोंद करावी. यासाठी महागडी साधनेच हवीत असे नाही. मूठ वळताना बोटाचे टोक तळहाताच्या रेषेपासून किती दूर राहते, हे साध्या पट्टीने मोजता येते. तोटी लावलेल्या पत्र्याच्या डब्यात काठोकाठ पाणी भरून हात बुडवला की बाहेर सांडलेल्या पाण्यावरून हाताचे आकारमान मिळते. तुलना मात्र नेहमी दुसऱ्या, निरोगी हाताशी आणि त्याच रुग्णाच्या मागील नोंदीशी करावी. नोंद नसेल तर प्रगतीही सिद्ध होत नाही आणि चूकही वेळीच लक्षात येत नाही.

तिसरा पाठ : स्प्लिंट :

सुजलेला हात मोकळा सोडला तर तो स्वभावतः चुकीच्या स्थितीत जातो : मनगट खाली झुकते, बोटांच्या मुळाचे सांधे सरळ होतात, मधले सांधे वाकतात आणि अंगठा तळहाताला चिकटतो. हीच स्थिती पुढे कायमची होते. म्हणून सुरक्षित स्थिती शिकविली जाते : मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, पुढील सांधे सरळ आणि अंगठा तळहातापासून दूर. या स्थितीत सांध्यांच्या बाजूचे अस्थिबंध ताणलेले राहतात व आखडत नाहीत. मात्र हा नियम सर्व इजांना लागू नाही. बोटे वाकविणारा स्नायुबंध शिवला असेल तर मनगट एवढे मागे नेणे धोक्याचे ठरते. कोणत्या इजेत नियम सोडायचा, हे कळल्याशिवाय नियम कळला असे म्हणता येत नाही.

स्प्लिंटची लांबी कोपरापर्यंतच्या भागाच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी, कडा गोल असाव्यात व हाडांच्या उंचवट्यांवर दाब नसावा. बोटे वळवायची असतील तर तळहातावरील रेषा मोकळ्या ठेवाव्यात. सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मऊ होणारे थर्मोप्लास्टिक सोयीचे असले तरी ते महाग असते. प्लास्टर ऑफ पॅरिस सहज मिळते व बऱ्याच कामांना पुरते. शिवाय खानदेशातील उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर किंवा चुलीजवळ ठेवलेले थर्मोप्लास्टिक आपला आकार सोडते. ही सूचना रुग्णाला द्यायला विसरल्यास पुढील भेटीत वाकडा स्प्लिंट आणि वाकडे बोट दोन्ही समोर येतात.

चौथा पाठ : संवेदना व धीर :

मज्जातंतू तुटून शिवला तर त्याची वाढ दिवसाला सुमारे १ मिलिमीटर होते. मनगटाजवळ इजा झाली असेल व बोटांची टोके तेथून सुमारे १८ सेंटिमीटर दूर असतील, तर तेथे जाणीव परत यायला किमान सहा महिने लागतील. रुग्णाला हे आरंभीच न सांगितल्यास तो दुसऱ्या महिन्यात निराश होऊन उपचार सोडतो. तोवर बधिर हाताला तवा, चूल व विडीपासून जपणे, रोज डोळ्यांनी तपासणे आणि कोरड्या कातडीला तेल लावणे ही कामे रुग्णाला स्वतः करावी लागतात.

पाचवा पाठ : रुग्णाचे घर :

धडगाव किंवा तोरणमाळकडून शहाद्याला येणाऱ्या रुग्णाची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय. आठवड्यातून तीनदा या, असे सांगणे सोपे आहे; पण न झेपणारा उपचार लिहून देणे हा अपुराच उपचार होय. म्हणून प्रत्येक भेटीत दोन-तीनच व्यायाम शिकवावेत, ते रुग्णाकडून समोर करवून घ्यावेत आणि घरातील एका व्यक्तीलाही दाखवावेत. भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजरी बोलणाऱ्या रुग्णासमोर पुस्तकी मराठीही परकी ठरते; तेथे चित्र व प्रत्यक्ष कृती अधिक उपयोगी पडतात. उपचारात पीठ मळणे, दाणे निवडणे, दोर वळणे अशी ओळखीची कामे यावीत. मात्र त्यांची वेळ जखमेच्या टप्प्यानुसार ठरावी.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे धोक्याच्या खुणा ओळखणे. हलणारे बोट अचानक हलेनासे होणे, वाढती लाली व ताप, बोट निळे किंवा थंड पडणे, इजेच्या मानाने फार अधिक वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम थांबवून रुग्णाला त्वरित शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

समारोप :

प्राथमिक प्रशिक्षणाचा हेतू तज्ज्ञ निर्माण करणे हा नव्हे. हात बिघडू न देणारा, मोजून चालणारा व वेळेवर मदत मागणारा उपचारक घडविणे हा आहे. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे असे प्रशिक्षण रुग्णाच्या जवळ नेण्याचा विचार आता अवास्तव राहिलेला नाही. इतर विद्याशाखांतील अध्यापकांनीही याकडे पाहावे असे वाटते. बोलीभाषेतील सूचना-चित्रे तयार करणे, स्थानिक अवजारांमुळे होणाऱ्या इजांची नोंद ठेवणे आणि सुरक्षित कडबाकुट्टीचा प्रसार करणे ही कामे भाषा, समाजशास्त्र व कृषी विभागांच्या आवाक्यातील आहेत. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्या हाताची काळजी एकट्या रुग्णालयावर सोपवून भागणार नाही.