तातींचा कोणता चित्रपट खरा?

जुन्या फ्रेंच विनोदपटांचा संग्रह म्हणजे निव्वळ स्मरणरंजन नव्हे. दिग्दर्शक झाक ताती यांच्याबाबत तर संग्राहकच अभ्यासकाचं काम करतो, कारण ताती आपला चित्रपट पूर्ण झाला असं मानतच नसत. सायकलवरच्या गावठी पोस्टमनची धमाल असलेला ‘झूर द फेत’ १९४९मध्ये कृष्णधवल रूपात झळकला. खरं तर तो थॉमसनकलर या नव्या पद्धतीने रंगीत चित्रित झाला होता, पण त्या फिल्मवरून प्रतीच काढता येईनात. सोबत चालवलेल्या कृष्णधवल कॅमेऱ्याने चित्रपट वाचवला. १९६४मध्ये तातींनी नवी दृश्यं घालून मोजक्या वस्तूंना रंग दिले. मूळ रंगीत रूप लोकांसमोर आलं १९९५मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी!

उत्तम डिस्क मिळत असताना जुन्या प्रती कशाला, हा आक्षेप रास्त आहे. मात्र पुनरुज्जीवन करणाऱ्यालाही बहुधा एकच रूप निवडावं लागतं, आणि बाकीची मागे पडतात. १९५३च्या ‘मस्य हुलोची सुट्टी’मध्ये तातींनी १९७८ साली नवं दृश्य चित्रित करून जोडलं, ७० मिलिमीटरवरचा भव्य ‘प्लेटाइम’ (१९६७) प्रदर्शनानंतर बराच कापला गेला. यात बिघडलं काय, असंही कुणी म्हणेल. पण तातींचा विनोद संवादांत नाही, तो पडद्याच्या कोपऱ्यात आणि दाराच्या करकरीत आहे. तिथे दोन सेकंदांची काटछाटही हशा पुसून टाकते, आणि ती ओळखायला जुनी प्रत हाताशी लागते.