एरोप्रेसच्या तळाची झडप

मराठी घरातली कॉफी दुधातच होते. दूध तापत ठेवायचं, साखर आणि कॉफीची पूड घालायची, उकळी येऊ लागली की जायफळ किसायचं. उपासाला चहाऐवजी हीच, थंडीत रात्रीच्या जेवणानंतरही हीच. छत्रपती संभाजीनगरात छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागल्यावर येणाऱ्या पडेगावात ती जशी होते, तशीच पुण्याच्या पेठेतही होते. ज्या घरांना इन्स्टंट पुडीपेक्षा बियांची कॉफी हवीशी वाटू लागली आहे, त्यांच्या ओट्यावर हातानं चालवायचं एखादं यंत्र येतं. त्यात एरोप्रेसला पसंती मिळते, कारण त्याला वीज लागत नाही, ते पडून फुटत नाही आणि मिनिटभरात धुऊन होतं. मग त्या यंत्राच्या तळाला लावायची एक झडप वेगळी विकत मिळते असं कळतं, आणि ती घ्यावी का हा प्रश्न उभा राहतो. झडप स्वस्त नाही. तिची किंमत मूळ यंत्राच्या निम्म्याहून जास्त पडते. तरी माझं मत असं की दुधाची कॉफी पिणाऱ्यानं ती जरूर घ्यावी, फक्त ज्या गुणासाठी ती विकली जाते त्या गुणासाठी घेऊ नये. विकणारे दाबाचं नाव पुढे करतात. कॉफीत जो फरक पडतो तो मुरायला मिळालेल्या वेळेमुळे पडतो.

आधी यंत्र पाहू. एरोप्रेस २००५ साली बाजारात आलं. ते बनवणारे ॲलन ॲडलर हे अमेरिकेतले अभियंते, त्याआधी लांब उडणाऱ्या ‘एरोबी’ चकतीमुळे प्रसिद्ध झालेले. एक प्लास्टिकची नळी, तळाला फिरवून बसवायचं भोकाभोकांचं झाकण, झाकणात कागदाची गोल चकती आणि वरून घालायचा रबरी टोकाचा दट्ट्या, एवढंच ते यंत्र. नळीत पूड घालायची, गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, थोडं थांबायचं आणि दट्ट्या दाबायचा. अडचण ‘थांबायचं’ या शब्दाशी आहे. तळाला भोकं असल्यामुळे पाणी ओतताक्षणी ते खाली ठिबकायला लागतं, आपण थांबलो तरी ते थांबत नाही. झडपेचं झाकण नेमकं इथे काम करतं. फेलो कंपनीचं ‘प्रिस्मो’ असो की एरोप्रेसनंच काढलेली ‘फ्लो कंट्रोल’ कॅप असो, दोन्हींत सिलिकॉनची लवचीक झडप आहे. दहा सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा तळावर पडणारा भार दर चौरस सेंटीमीटरला फक्त १० ग्रॅम असतो, तेवढ्यानं ती उघडत नाही. हातानं दट्ट्या दाबला की मात्र उघडते.

आता दाबाचा दावा. या झाकणानं ‘एस्प्रेसोसारखी’ कॉफी मिळते असं सांगितलं जातं. एस्प्रेसो यंत्रात पाणी साधारण ९ बार दाबानं पुडीतून जातं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ९ किलोपेक्षा थोडा जास्त भार. एरोप्रेसच्या नळीचा व्यास सुमारे ६ सेंटीमीटर, त्यामुळे दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटीमीटर भरतं. त्यावर ९ बार दाब आणायचा तर जवळपास २६० किलोंचा भार टाकावा लागेल. धडधाकट माणूस ओट्यावर वाकून दाबतो तेव्हा फार तर २० किलोंचा जोर लागत असेल. त्यातून पाऊण बारच्या आसपास दाब तयार होतो. झडप हा दाब वाढवू शकत नाही, कारण दाब हाताचा जोर आणि नळीची रुंदी यांवर ठरतो आणि झडप त्यातलं काहीच बदलत नाही. पेल्यात वर दिसणारा फेसही पुरावा म्हणून चालत नाही. एस्प्रेसोवरची साय भाजलेल्या बीमधला कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली पाण्यात विरघळून दाब सुटल्यावर बाहेर पडल्यामुळे तयार होते. झडपेच्या बारीक फटीतून धार जोरात सुटताना हवा मिसळूनही फेस येतो, आणि तो बसतोही लवकर. हे मी झडपेला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. एस्प्रेसोच्या अपेक्षेनं तिला घरात आणणारा माणूस निराश होतो आणि तिचा खरा उपयोग हातातून सुटतो, याचं मला वाईट वाटतं.

तो उपयोग समजण्यासाठी कॉफी पाण्यात कशी उतरते ते पाहावं लागतं. भाजलेल्या बीच्या वजनाचा साधारण ३० टक्केच भाग पाण्यात विरघळू शकतो, आणि तो सगळा उतरवणं इष्ट नसतं. आधी आंबट आणि खारट चवी सुटतात, मग गोडवा येतो, शेवटी कडू आणि तुरट द्रव्यं येतात. अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला केलेल्या कामातून १८ ते २२ टक्के हा पट्टा पुढे आला, आणि कॉफीचे जाणकार अजून त्याचाच आधार घेतात. या पट्ट्यात पोचायचं तर पुडीची जाडी, पाण्याची उष्णता आणि वेळ यांचा मेळ बसावा लागतो. जिथे पाणी आपल्या वजनानं खाली उतरतं अशा प्रत्येक भांड्यात यातल्या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. पूड जाड दळली की पाणी भरभर जातं आणि वेळ आपोआप कमी होतो. बारीक दळली की तुंबतं आणि वेळ वाढतो. झडप ही गाठ सोडवते. पूड कितीही जाड असो, पाणी आपण म्हणू तेवढा वेळ नळीत राहतं. चाळीस सेकंद म्हटलं तर चाळीस, दोन मिनिटं म्हटलं तर दोन. चव कच्ची लागली तर वेळ वाढवायचा, कडवट लागली तर कमी करायचा. बाकी काही हलवायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलता येणं, ही घरगुती कॉफीत फार मोठी सोय आहे.

दुधाच्या कॉफीत ही सोय जास्त मोलाची का, ते हिशोब मांडून पाहू. समजा १५ ग्रॅम पूड आणि २४० मिलिलिटर पाणी घेतलं. हाती येणाऱ्या काळ्या कॉफीत विरघळलेली द्रव्यं साधारण सव्वा टक्का असतात, आणि काळी कॉफी पिताना तोंडाला हीच ताकद बरी वाटते. पण त्यात दूध घातलं की ती पांचट होते, आणि दुधाची कॉफी पिणारे एरोप्रेसला नावं ठेवतात ती इथेच. त्याऐवजी १८ ग्रॅम पूड आणि फक्त ९० मिलिलिटर पाणी घ्या. १८ टक्के उतरलं तर सव्वातीन ग्रॅम द्रव्य ९० मिलिलिटरमध्ये, म्हणजे साडेतीन टक्क्यांचा दाट अर्क. चोथा आपल्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पेल्यात ५५ मिलिलिटर येतं. त्यात १०० मिलिलिटर तापलेलं दूध घाला, ताकद पुन्हा सव्वा टक्क्यावर येते. एस्प्रेसोचा अर्क ८ ते १२ टक्क्यांचा असतो, त्याची इथे गरजच नाही. आता ठिबकणं मोजा. २४० मिलिलिटर पाण्यातलं २५ मिलिलिटर न मुरता खाली गेलं तर ते दहावा हिस्सा. ९० मधलं तेवढंच गेलं तर ते पाव हिश्श्याहून जास्त. पाणी जितकं कमी, तितकं गळतीचं नुकसान मोठं. म्हणून काळी कॉफी पिणाऱ्याला झडपेचा फरक फारसा कळणार नाही, पण आपल्याकडच्या पद्धतीनं पिणाऱ्याला पहिल्याच पेल्यात कळेल.

यावर जाणकार दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, यंत्र उलटं ठेवलं की ठिबकणं फुकटात थांबतं: दट्ट्या खाली, नळी वर, मुरून झालं की झाकण लावून सगळं पेल्यावर पालथं करायचं. हे चालतं, पण यंत्र उलटताना नव्वद अंशांच्या जवळचं पाणी फक्त दट्ट्याच्या रबरावर तोललेलं असतं, आणि ते रबर वर्षांनुवर्षांच्या वापरानं सैल होतं. ज्या घरात ओट्याशी मुलं घुटमळतात तिथे ही पद्धत वापरू नये असं मला ठामपणे वाटतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाणी ओतल्याबरोबर दट्ट्या नळीच्या तोंडाशी बसवला की आत हवेचा दाब किंचित उतरतो आणि ठिबकणं जवळजवळ थांबतं. मोठ्या पेल्याच्या काळ्या कॉफीला मी हेच सुचवेन, झडप नाही. पण दाट अर्क काढताना पूड जास्त आणि पाणी थोडं असतं, मध्यभागी कोरडे गोळे राहतात आणि ते फोडायला वीसेक सेकंद नीट ढवळावं लागतं. त्या वेळात नळीचं तोंड उघडंच असतं, आणि गळती तेवढ्यातच होऊन जाते.

दक्षिणेकडचं स्टीलचं फिल्टर हेच काम शंभर वर्षं करत नाही का, असंही कुणी विचारेल. करतं, आणि फार छान करतं. वरच्या डब्यात पूड, तिच्यावर दांड्याची चकती, आणि थेंबथेंब डिकॉक्शन खाली. ज्याला अर्धा तास आधी तयारी करणं जमतं त्यानं पैसे वाचवावेत. फक्त तिथे वेळ पुडीच्या जाडीवर अवलंबून राहतो, आणि म्हणूनच ती पूड ठरावीक पद्धतीनं दळलेली आणि बहुधा चिकोरी मिसळलेली मिळते. आपल्या कायद्यानुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. उरलेला भाग पाकिटावर छापलेला असतो, तो वाचावा. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा खूप सहज विरघळते, तिला मुरायला वेळ लागत नाही. चिकोरीचीच चव आवडणाऱ्यानं झडपेवर खर्च करू नये. तसंच ज्या घरात बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवल्या जातात तिथेही आधी हातानं फिरवायचा ग्राइंडर घ्यावा. मिक्सरच्या पात्यानं भुकटी आणि चुरा एकत्र होतो. भुकटी कडू होते, चुरा कच्चा राहतो, आणि वेळ कितीही नेमका धरला तरी दोन्ही एकाच पेल्यात येतात. बिया बहुतेक कर्नाटकातल्या मिळतील. महाराष्ट्राची स्वतःची कॉफी मेळघाटात चिखलदऱ्याला होते. पीक थोडं आहे, पण मिळाली तर जरूर आणावी.

काही झडपांबरोबर कागदाऐवजी धातूची जाळी येते; तिच्याबद्दलची शंका आरोग्याची आहे आणि ती टाळून चालणार नाही. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरातल्या पाहणीत जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त असल्याचं १९८३ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या अभ्यासांतून दोष उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफीकडे गेला. कागद हे तेल जवळजवळ सगळं धरून ठेवतो, जाळी सोडते. प्रिस्मोबरोबर जाळी येते. तिच्यावर एरोप्रेसचीच कागदी चकती ठेवली की काम भागतं, आणि कपाच्या तळाचा गाळही जातो. फ्लो कंट्रोल कॅपमध्ये कागद मुळातच घालतात. रोज दोन-तीन पेले पिणाऱ्यानं कागद सोडू नये.

राहिलं पडेगावचं पाणी. शहराला जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी मिळतं, पण नळ रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी बोअर, टँकर आणि आरओचे जार यांची सरमिसळ असते. बसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं; त्यातली बायकार्बोनेटं कॉफीची आंबटगोड बाजू मारून टाकतात आणि मागे सपक कडवटपणा उरतो. उलट आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी उरतात की अर्क पोकळ लागतो. कॉफीला लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असलेलं पाणी मानवतं, त्यामुळे जारच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळून पाहणं हा सोपा उपाय आहे. उंचीची काळजी नको. हा परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाणी ९८ अंशांना उकळतं. ॲडलर तर ८० अंश सुचवत. गडद भाजलेल्या बियांना ते योग्यच आहे. पण ९० मिलिलिटर पाणी डिसेंबरच्या सकाळी दोन मिनिटांत बरंच निवतं, तेव्हा झडपेत जास्त वेळ मुरवायचं असेल तर नळी गरम पाण्यानं विसळून घ्यावी आणि पाणी उकळतंच घालावं.

झडपेची निगा या पाण्यामुळे जरा जास्त लागते. क्षारांचा पांढरा थर फटीच्या कडेला धरला की ती पुरती मिटत नाही आणि ठिबकणं पुन्हा सुरू होतं. पंधरवड्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली की थर सुटतो. सिलिकॉनला कॉफीचं तेलही चिकटतं आणि खवट वास धरतं, म्हणून चोथा टाकल्यावर नुसतं विसळू नये. झाकणातून जे सुटं होतं ते सगळं वेगळं करून साबणानं धुवावं. आणि जायफळ दुधातच किसावं, नळीतल्या पुडीत नाही, कारण त्याचा कीस जाळीवर बसतो आणि दट्ट्या पुढे सरकत नाही.