कापूस आपल्या वावरात, पण मायच्या अंगावर काय?

कास्तकार बंधूंनो, सरपंच मंडळी, ग्रामपंचायत अधिकारी आणि बचत गटाच्या तायांनो,

या पानावर आपण नेहमी बोंडअळी, खताची मात्रा, पेरणीचे अंतर असल्या गोष्टी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण वावराबाहेरचा नाही. तुमच्या घरात पन्नाशी-साठी ओलांडलेली माय असेल, सासू असेल, मोठी वहिनी असेल. ती रोज काय नेसते, काय घालते, ते अंगाला बसते का आणि बाजारात तिच्या मापाचे मिळते का, हे तुम्ही कधी विचारले आहे? बैलाच्या खांद्याला जू घासले तर आपण लगेच पाहतो. मायच्या कंबरेला नाडा घासतो, ते मात्र कोणी पाहत नाही.

आता कोणी म्हणेल, कृषीवाल्या माणसाला साड्या-पोलक्याचे काय पडले? पडले आहे, कारण कापूस वेचणी, निंदणी, मिरची तोडणी ही सारी कामे बायाच करतात आणि त्यातल्या कितीतरी बाया उतारवयाच्या आहेत. बाई कामाला उभी राहते ती कपड्यानिशी. कपडा नीट नसेल तर कामही नीट होत नाही आणि दुखणे मागे लागते.

लुगडे गेले कुठे?

नागपूर हे कापडाचे शहर होते. जमशेटजी टाटांनी इथे काढलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिच्याही आधीपासून इथले कोष्टी विणकर हातमागावर लुगडी काढत. पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांत मागाची खटखट दिवसभर चाले. उमरेड, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातली पवनी, आंधळगाव ही विणकरांचीच गावे. जाड सुती, पक्क्या रंगाचे, काठाला मजबूत असे नऊवारी लुगडे हे वावरातल्या बाईचे कपडे होते. नऊ वार म्हणजे अठरा हात, मीटरमध्ये सांगायचे तर सव्वाआठच्या आसपास. कासोटा घातला की वाकायला, बसायला, बांध ओलांडायला दोन्ही पाय मोकळे. ओटी बांधली की त्यात कापूस मावतो.

पुढे यंत्रमाग आला, पाचवारी आली आणि त्यानंतर पॉलिस्टर आले. १९८५ साली संसदेने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्याचा कायदा केला, त्यात साडीही होती. तरी बाजार काही थांबला नाही. विणकरांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. १९८६ मध्ये टाटांनी एम्प्रेस मिल सोडली, ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. सुना पाचवारी नेसू लागल्या तसे दुकानदाराने लुगडे ठेवणे कमी केले. त्याचाही दोष नाही म्हणा, जे खपते तेच तो ठेवतो. आज गांधीबागेच्या कापड बाजारात गेलात तर लग्नाच्या नऊवारीचे ढीग दिसतील, शिवलेली नऊवारीसुद्धा मिळेल. पण रोज नेसायचे, धुवायचे, वावरात न्यायचे साधे सुती लुगडे मागा. दुकानदार वरच्या फळीवरून दोन-चार काढेल, तीही काळपट नाहीतर मातकट. का, तर म्हातारीला आता रंग कशाला!

पॉलिस्टरचे गुण आणि अवगुण

पॉलिस्टरला नुसत्या शिव्या देऊन चालणार नाही. ते स्वस्त आहे, लवकर वाळते, इस्त्री लागत नाही आणि वर्षानुवर्षे फाटत नाही. गरिबाच्या घरी हे गुण मोठे आहेत. पण त्याचे अवगुणही समजून घ्या.

१०० ग्रॅम सुती धागा हवेतला साधारण ८ ग्रॅम ओलावा स्वतःत धरतो. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणजे अंगाला आलेला घाम सूत पिऊन घेते आणि हवेला देते, तर पॉलिस्टरखाली तो अंगावरच चिकचिकत राहतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात पॉलिस्टरची साडी, पॉलिस्टरचे पोलके आणि आत पॉलिस्टरचाच परकर असेल तर घामोळे, खाज, जांघेतला गजकर्ण हे ओघानेच आले. दुसरे म्हणजे चूल. सुती पदराला आग लागली तर तो जळतो, तेही वाईटच. पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते आणि भाजणे खोलवर जाते.

दुकानात ओळखायचे कसे? कापडाचा एक धागा काढून पेटवा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि राख उरते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानदार धागा काढू देत नसेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. धुतलेल्या सुतात तो लगेच मुरतो. नव्या खळीच्या कापडावर मात्र थोडा वेळ लागेल, म्हणून धाग्याची पारख जास्त भरवशाची.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी काय पाहिले

ही गोष्ट जरा जपून वाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन रुग्ण बायांची माहिती छापली. एक ७० वर्षांची, दुसरी साठी पार केलेली. दोघींच्याही कंबरेला जखम झाली होती आणि ती महिनोन् महिने भरत नव्हती. तपासणीत त्या जखमेत कातडीचा कर्करोग निघाला. पहिली परकराचा नाडा घट्ट बांधून त्यावर साडी नेसत असे. दुसरी ४० वर्षे परकर न घालता लुगडे नेसत आली होती आणि ते कंबरेला घट्ट आवळत असे. रोज त्याच जागी घासणे, त्यात घाम आणि उष्मा, त्यामुळे कातडी सोलवटते, खपली धरते, पुन्हा सोलवटते. अशी जखम वर्षानुवर्षे राहिली तर क्वचित कर्करोगाकडे वळते.

घाबरून जाऊ नका. हा आजार फार कमी जणींना होतो. पण कंबरेवर काळा पट्टा, खाज, सोलवटणे हे मात्र आपल्या घराघरांत आहे आणि बाया ते सांगत नाहीत. म्हणून एवढे करा. परकराला सुतळीसारखा बारीक नाडा नको, दोन बोटे रुंद सपाट पट्टी लावा. नाडा रोज एकाच जागी बांधू नका, कधी थोडा वर, कधी खाली. घरी आल्यावर सैल करा. लुगडे नेसणारीने आत सैल सुती परकर घालावा किंवा गाठीखाली मऊ सुती कापडाची घडी ठेवावी. आणि कंबरेची जखम महिन्याभरात भरली नाही तर हळद-तेलावर न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

बाप्याचा सदरा

वेचणीच्या दिवसांत कोणत्याही वावरात पाहा. बायांनी साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुलबाहीचा सदरा चढवलेला असतो. पऱ्हाटीचे काटक्या-बोंड हाताला ओरबाडतात, ऊन भाजते, म्हणून ही युक्ती बायांनी स्वतःच काढली. युक्ती चांगली आहे. पण तो सदरा बाप्याच्या मापाचा, खांद्यावरून घसरणारा, बटणे तुटलेला. आणि त्याहून मोठा धोका असा की तो कधी कधी फवारणीचा टाकून दिलेला सदरा असतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषधाचा अंश कपड्यात मुरतो आणि घामाबरोबर कातडीतून अंगात जातो. म्हणून फवारणीचा सदरा बाईने वेचणीला घालू नये. तो घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा, धुताना हातमोजे घालावेत आणि त्या पाण्याची जागा विहिरीपासून, गुरांच्या हौदापासून दूर असावी.

मग बाईसाठी वेचणीचा वेगळा सदरा का शिवू नये? सव्वादोन-अडीच मीटर फिक्या रंगाचे सुती कापड पुरते. बाही मनगटापर्यंत आणि टोकाला बटण, मानेला कॉलर, मुंढा मोकळा, दोन्ही बाजूंना चीर म्हणजे साडीवर बसतो, पुढे दोन खोल खिसे. एवढ्याने काम भागते.

माप तरुणीचे, अंग म्हातारीचे

आता पोलक्याकडे या. बाजारात मिळणारे तयार पोलके तरण्या, ताठ उभ्या राहणाऱ्या बाईच्या अंगावर बेतलेले असते. साठीतल्या बाईचे अंग तसे नसते. आयुष्यभर वाकून काम केल्याने पाठीला थोडा बाक येतो, खांदे पुढे येतात, छाती उतरते, पोट सुटते, दंड सैल पडतात. तेच पोलके तिने घातले की मागून वर चढते, पुढून झोळ पडतो आणि मुंढ्यात काचते. मग ती दोन नंबर मोठे घेते, ते खांद्यावरून उतरते. शेवटी कंटाळून घरात दिवसभर गाऊन आणि खांद्यावर टॉवेल. यात त्या बाईची काही चूक नाही, कापडच चुकीचे बेतलेले आहे.

हा प्रश्न फक्त आपल्या खेड्याचा आहे असे समजू नका. भारतीय माणसांच्या अंगाची आपली अशी मापेच ठरलेली नव्हती, परदेशी तक्त्यांवर काम चालले होते. म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने २५ हजारांवर लोकांची मापे घेण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी निवडलेली शहरे सहा, त्यांत महाराष्ट्रातले एकटे मुंबई. वावरात राबणाऱ्या बाईचे माप घ्यायला आपल्या गावात आपणच टेप हातात घेतला पाहिजे.

शिवणाऱ्या तायांनो, तुमच्यासाठी चार सूचना:

१) पाठीची उंची आणि पुढची उंची वेगवेगळी मापा. बाक असेल तर पाठीला जास्त कापड लागते, पुढे कमी.

२) मुंढा आणि दंडघेर सैल ठेवा, बाही कोपरापर्यंत. हात वर करायला लावून मगच माप पक्के करा.

३) हुक पुढेच आणि मोठे, नाहीतर सरळ बटणे. खांदा धरलेल्या बाईचा हात मागे जात नाही आणि बारीक हुक डोळ्यांना दिसत नाहीत.

४) दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडा. अंग कमी-जास्त झाले तर पोलके टाकावे लागत नाही. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे नंतर आटत नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे?

सरपंच मंडळी, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत त्यातून शिवणवर्ग होतो. वर्ग चांगलाच, पण तिथे शिकवतात फ्रॉक आणि लग्नाचे फॅशनचे ब्लाऊज. वर्गाच्या दहा दिवसांतले दोन दिवस वयस्क बायांचे माप, सैल परकर आणि वेचणीचा सदरा यांना द्या. शिकायला अंग हवेच असते, गावातल्या आज्यांनाच बोलवा. केंद्राच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्जाची तरतूद केलेली आहे. बचत गटाने याची चौकशी जरूर करावी.

राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात अंत्योदय कार्डधारक कुटुंबाला वर्षाला एक साडी मोफत देण्याचे ठरले आणि २०२४ मध्ये रेशन दुकानांतून वाटपही झाले. घरात एक साडी आली ही चांगली गोष्ट आहे. पण घरात सासू आणि सून दोघी असतात आणि दोघींचे अंग, काम, सवय वेगळी असते. त्यावर गावातच उपाय झाला पाहिजे.

आणि रंगाचे म्हणाल तर मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. कुंकू-बांगड्यांचा निर्णय जर बाईचा स्वतःचा, तर लुगड्याच्या रंगाचाही तिचाच. सत्तरीतल्या आजीला हिरवे नेसावेसे वाटले तर दुकानदाराने आणि पोराने मातकट पुढे करू नये.

हिशेब पाहा

एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. पिंजणी-कताईतली घट वजा जाता २७-२८ किलो सूत उरते. एक सुती लुगडे पाऊण किलोच्या आत-बाहेर भरते. म्हणजे ढोबळमानाने एका क्विंटलमध्ये पस्तीस-छत्तीस लुगडी. दिवसाला ४० किलो कापूस वेचणारी बाई संध्याकाळी चौदा लुगड्यांचा कापूस डोक्यावर घेऊन घरी येते. त्या चौदातले एकही तिच्या अंगावर नसते.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आजही सेंद्रिय कापसाची, झाडपाल्याच्या रंगाची खादी निघते. हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झाले. हातमागाचे सुती कापड महाग पडते हे खरे, पण वर्षाला चार पॉलिस्टरच्या साड्यांऐवजी दोन सुती घेता येतात का, हा हिशेब घरी बसून करा.

कापसाचा चुकारा हाती आला की आपण बियाण्याची उधारी फेडतो, मोटर दुरुस्त करतो, पोरांना कपडे घेतो. या वर्षी त्यातून एक सुती लुगडे, एक सैल परकर आणि एक वेचणीचा सदरा एवढे मायसाठी बाजूला काढा. दुकानात जाताना तिलाच सोबत न्या, रंग तिला निवडू द्या आणि माप तिचेच घ्या.