पेटीचे माप आणि पेटीतील हवा

बदनापूरची ओळख तुरीशी जोडलेली. येथील कृषी संशोधन केंद्राचा ‘बीडीएन ७११’ हा वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अशा गावच्या श्रोत्यांना कणगीत किती धान्य मावेल हे तिच्या बाहेरच्या घेरावरून ठरत नाही, हे सांगावयास नको. लाउडस्पीकरच्या लाकडी पेटीलाही हाच नियम लागू आहे. मात्र तिच्यात मोजावयाची ती हवा.

लाउडस्पीकरचा पडदा मागेपुढे हलतो तेव्हा पेटीतील हवा स्प्रिंगप्रमाणे दाबली जाते. हवा कमी, तर स्प्रिंग ताठ. आणि ती फाजील ताठ झाली की पखवाजाचा खर्ज क्षीण होतो.

आता एक उदाहरण घेऊ. बाहेरून ६०, ४० व ३६ सेंटिमीटर मापाची पेटी ८६.४ लिटरची भासते. पण फळी १८ मिलिमीटर जाड असेल, तर आतील मापे ५६.४, ३६.४ व ३२.४ उरतात. त्यांचा गुणाकार सुमारे ६६.५ लिटर, हे एकूण अंतर्गत घनफळ. यातून स्पीकरच्या चुंबकाने व सांगाड्याने व्यापलेले ३ लिटर, नळीचे २.५ आणि आधाराच्या पट्ट्यांचे २ लिटर वजा केले, की राहतात ५९. हेच निव्वळ घनफळ.

नळीच्या पोकळीतील हवा का वजा करावी, अशी शंका कोणी घेईल. त्या हवेचे काम स्प्रिंगचे नव्हे. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी ती हलते. या दोहोंच्या मेळातून पेटीचा सूर ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये अशा पेट्यांचे गणित मांडले. त्यात धरावयाचे घनफळ निव्वळच होय. वरील पेटीची नळी ६६.५ लिटर धरून सेकंदाला ४० कंपनांसाठी कापली, तर सूर ४२.५ वर जातो, बाहेरचे ८६.४ धरल्यास ४८ च्याही पुढे!

म्हणून क्रम उलटा ठेवावा. प्रथम निव्वळ घनफळ ठरवावे, त्यात वजावट मिळवावी, मग फळीची जाडी धरून सुताराला बाहेरचे माप द्यावे. पडताळाही सोपा आहे. पट्ट्या बसविल्यावर, पण स्पीकर व नळी लावण्यापूर्वी, पेटीत लिटरच्या मापाने कोरडी ज्वारी ओतून मोजावी. जितकी मापे मावतील, त्यातून स्पीकर व नळीची जागा वजा करावी. ज्वारी परत पोत्यात जाईल. कापलेली फळी मात्र पुन्हा जोडता येत नाही.