व्हिसा विकत मिळत नाही

गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या पोरांना इंजिनिअरिंग नवीन नाही. पुण्यात नाहीतर हैदराबादेत आयटीत लागलेला कुणी ना कुणी कोरपना तालुक्यात आता ओळखीचा असतोच. त्याच्या मागोमाग घराघरांत ‘एचवन’चा, म्हणजे अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचा विषय निघतो. सोबत गैरसमजही येतात. त्यातला एक शेत विकायला लावणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

गैरसमज : एजंटाला पैसे भरले की कामाचा व्हिसा निघतो.

एच-१बीसाठी उमेदवाराला स्वतः अर्ज करताच येत नाही. अर्ज अमेरिकेतल्या कंपनीने करायचा असतो. काम कोणतं, कोणत्या शहरात, पगार किती, हे कंपनी आधी तिथल्या कामगार खात्याला लिहून देते. त्याची सूचना कामाच्या ठिकाणी लावावी लागते आणि त्या कागदाची प्रत कामगाराच्या हातात द्यावी लागते. जागा वर्षाला ६५,०००, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. त्यासाठी मार्चमध्ये नोंदणी होते आणि मग सोडत. आर्थिक वर्ष २०२६साठी सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या आल्या, निवडल्या गेल्या १,२०,१४१. २०२४पासून सोडत नोंदण्यांची नव्हे, माणसांची होते; एकाचं नाव कितीही कंपन्यांनी टाकलं, तरी त्यामुळे त्याची संधी वाढत नाही. तेव्हा ‘पाच कंपन्यांतून नाव टाकतो, नंबर लागणारच’ असं कुणी सांगत असेल, तर तो सरळ फसवतो आहे. कंपनीच्या या अर्जाचा आणि वकिलाचा खर्चही नियमाने कंपनीचाच असतो.

आपल्याकडचा कायदाही माहीत असावा. १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते. उमेदवाराकडून त्याला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. नोंदणी खरी की खोटी, हे ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. लाखांत रक्कम सांगणाऱ्याला पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा विचारा.

आज याहून मोठा धोका अमेरिकेच्या नव्हे, थायलंडच्या नावाने येतो. ‘डिजिटल सेल्स’, ‘डेटा एन्ट्री’, पगार डॉलरमध्ये, मुलाखत व्हॉट्सअॅपवर. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२मध्येच इशारा दिला होता, की आयटी शिकलेल्या तरुणांना बँकॉकला नेऊन तिथून चोरवाटेने म्यानमारमध्ये पोहोचवलं जातं आणि सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं. मार्च २०२५मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. फिरायला म्हणून मिळालेल्या प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही, एवढं एक पक्कं ठाऊक असलं तरी घर वाचतं.

गैरसमज : परदेशी कामगार स्वस्तात येतो आणि तिथल्यांची नोकरी खातो.

हे पूर्ण खोटं नाही. कायदा म्हणतो, त्या भागातल्या चालू दरापेक्षा कमी पगार देता येणार नाही. पण त्या दराच्या चार पायऱ्या आहेत आणि खालच्या दोन पायऱ्या मधल्या पगाराच्याही खाली ठेवलेल्या आहेत. कंपन्यांना हवी ती फट तिथेच मिळते. २०१५च्या सुमारास फ्लोरिडातल्या डिस्नेमधून सुमारे २५० तंत्रज्ञांना काढलं गेलं. त्यांपैकी अनेकांना जाण्याआधी आपल्याच जागी आलेल्यांना काम शिकवावं लागलं. त्यांचा संताप खरा होता.

हीच तक्रार आपण कोरपन्यात दुसऱ्या बाजूने करतो : जमीन आमची गेली, आणि कारखान्यात ठेकेदाराची माणसं बिहार-छत्तीसगडची. तक्रार समजण्यासारखी आहे. पण फरक मोठा आहे. बिहारचा माणूस भारताचा नागरिक म्हणून इथे येतो. ठेकेदाराशी बिनसलं तर उद्या दुसरीकडे काम धरतो, त्याला गाव सोड असं कुणी सांगू शकत नाही. खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक हवेत, हा हरियाणाचा कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये रद्द केला, तोही याच नागरिकत्वाच्या हक्कामुळे. एच-१बीवाल्याचं मात्र त्या देशात राहणंच नोकरीला बांधलेलं असतं. माझ्या मते तो स्वस्त पडतो तो या बांधलेपणामुळे. दोष त्याच्या गरजेचा नाही, नियमाचा आहे.

गैरसमज : एकदा गेला की तिथलाच झाला.

व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा परतायला जास्तीत जास्त ६० दिवस. ग्रीनकार्डाची प्रक्रिया सुरू असेल तर मुदत पुढे वाढते, पण नोकरीवरच्या ग्रीनकार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. तिथे लहानाची मोठी झालेली मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतात. भाषा, शाळा, मित्र सगळं तिथलं, आणि हक्क मात्र नाही. या मुलांबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, याचं वाईट वाटतं.

कंपनीच्या तावडीतून सुटताच येत नाही, ही उलट बाजूची भीतीही चुकीची आहे. कंपनी बदलता येते. नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की तिथे काम सुरू करता येतं. काम नाही म्हणून ‘बेंच’वर बसवलं तरी पगार द्यावाच लागतो. कामगाराचा पासपोर्ट कंपनीला अडकवून ठेवता येत नाही.

गैरसमज : आता दरवर्षी एक लाख डॉलर भरावे लागतात, विषय संपला.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या १९ सप्टेंबर २०२५च्या घोषणेनंतर हा गोंधळ उडाला. दुसऱ्याच दिवशी खुलासा झाला : रक्कम एकदाच, फक्त नव्या अर्जावर, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. ऑक्टोबरमधल्या सूचनेप्रमाणे अमेरिकेत शिकत असलेला विद्यार्थी तिथूनच एच-१बीवर आला, तर त्यालाही ही अट लागत नाही. घोषणेची मूळ मुदत १२ महिन्यांची ठेवलेली होती. पण ही अट लागू आहे तोवर भारतातून थेट नेल्या जाणाऱ्या माणसामागे कंपनीला लाख डॉलर मोजावे लागतात. तेव्हा गडचांदुरात बसून कुणी ‘डायरेक्ट एचवन’ करून देतो म्हणत असेल, तर एवढी रक्कम भरणारी कंपनी कोणती, तिचं नाव आणि कामगार खात्याला दिलेल्या कागदाची प्रत, या दोन गोष्टी पैशांचा विषय निघण्याआधी मागून घ्या.