घसरण्यासाठी घडवलेला बूट

दुकानात स्केट हातात घेणारा माणूस आधी बोटाने चाक फिरवून बघतो. चाक किती वेळ गरगरते यावर माल चांगला की वाईट ते ठरवतो. ॲग्रेसिव्ह इनलाइन स्केटचा नवा जोड मात्र उलटा करून त्याचा तळ बघायचा असतो. एका रेषेत चार चाके दिसतात, पण मधल्या दोन चाकांच्या मध्ये फ्रेमला एक आडवी, गोलसर खाच ठेवलेली असते. ती ज्या ठोकळ्यात असते त्याला एच-ब्लॉक म्हणतात. बुटाच्या तळव्याला बाहेरच्या अंगाने एक रुंद, जाड प्लास्टिकची पट्टी असते, ती सोलप्लेट. सरळ चालताना हे दोन्ही भाग जमिनीला लागतसुद्धा नाहीत. स्केटर उडी मारून जिन्याच्या रेलिंगवर, ओट्याच्या कडेवर किंवा रॅम्पच्या काठावरच्या पाइपवर चढला की चाके अधांतरी राहतात आणि अंगाचे सगळे वजन या प्लास्टिकवर येते. मग बूट घसरत जातो. त्या घसरण्याला ग्राइंड म्हणतात, आणि हा अख्खा बूट त्याच्यासाठीच घडवलेला आहे.

महाराष्ट्रात स्केटिंग म्हटले की स्पीड स्केटिंगची रिंक डोळ्यांपुढे येते. पहाटे क्लासला आलेली मुले, मोठाली चाके, कमरेत वाकलेली अंगे. त्या खेळात आपली मुले फार पुढे गेली आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेचे कांस्यपदक मिळवणाऱ्या भारताच्या पुरुष संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. त्यांच्या पायातले स्केट आणि मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते स्केट एकाच घराण्यातले, पण गुण उलटे. एका रेट्यात लांबवर जावे म्हणून स्पीड स्केटचे चाक ११० मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठे असते. ॲग्रेसिव्ह स्केटचे चाक साधारण ५४ ते ६० मिलिमीटरचे. चाक लहान, म्हणून पाय जमिनीजवळ राहतो, तोल सांभाळता येतो आणि दोन चाकांमध्ये खाचेला जागा मिळते. चाकाचा कडकपणा ड्युरोमीटर नावाच्या उपकरणाने मोजतात. फिटनेस स्केटची चाके ८२ ते ८५ ए इतकी असतात, इथे ८८ ते ९२ ए. कडक चाक दबत नाही. पाय थोडा तिरका पडला तरी ते जमिनीला चिकटून बसत नाही, सरकून घेते. याचा मोबदला रस्त्यावर द्यावा लागतो. खडबडीत डांबरावर प्रत्येक खडा गुडघ्यापर्यंत जाणवतो. टाचेला ब्रेक नसतो. थांबायचे तर मागचा पाय आडवा टेकून ओढायचा.

चाके एका ओळीत लावायची युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन यांनी १७६० च्या दशकात चाकांचे बूट केले. पॅरिसच्या पेतिब्ले यांनी १८१९ मध्ये एका रेषेतल्या चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले. पण त्यांवर वळणे अवघड होते. १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन यांनी पुढे दोन, मागे दोन अशा चाकांचा, अंग झुकवले की वळणारा स्केट आणला आणि पुढे शंभरहून अधिक वर्षे त्याचेच राज्य चालले. मग मिनेसोटातल्या स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या आइस हॉकी खेळणाऱ्या भावांना खेळाच्या सामानाच्या दुकानात एक जुना इनलाइन स्केट सापडला. उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव करता यावा म्हणून त्यांनी त्यात सुधारणा केल्या, आणि १९८० च्या सुमारास त्यातून रोलरब्लेड कंपनी उभी राहिली.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि मला ती कंपन्यांच्या इतिहासापेक्षा फार मोलाची वाटते. रोलरब्लेडचा बूट व्यायामासाठी होता. १९९० च्या आसपास कॅलिफोर्नियातली आणि इतर ठिकाणची पोरे तो घालून रेलिंगवर चढू लागली. फ्रेमा झिजल्या, तडकल्या. मग घरात असतील त्या हत्यारांनी डागडुजी सुरू झाली. कोणी ब्रेक काढून फेकला, कोणी फ्रेमला करवतीने खाच पाडली, कोणी धातूच्या पट्ट्या नटबोल्टने आवळल्या, कोणी मोठी चाके काढून लहान घातली. कारखान्यांनी पुढे जे जे विकायला ठेवले त्यातले बहुतेक या पोरांनी आधी स्वतःच्या बुटावर करून पाहिले होते. दशकाच्या मध्यावर स्केटर ख्रिस एडवर्ड्स यांच्या नावाची आद्याक्षरे मिरवणारा रोलरब्लेडचा टार्मॅक सीई आला, इटलीच्या रोसेस कंपनीचा मॅजेस्टिक १२ आला. आर्लो आयझेनबर्ग यांच्यासारख्या स्केटरांनी सेनेट नावाने स्वतःची चाके आणि कपडे काढले. वापरणारा आणि बनवणारा यांच्यात इतके थोडे अंतर फार कमी वस्तूंच्या वाट्याला येते.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला पहिले एक्स गेम्स झाले, त्यात इनलाइन होते. ब्राझीलच्या फाबियोला दा सिल्वा यांनी महिलांमध्ये इतकी सुवर्णपदके जिंकली की २००० मध्ये त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा नियम आला आणि उभ्या रॅम्पवर स्त्रिया पुरुषांच्या गटात उतरू लागल्या. २००५ पासून मात्र एक्स गेम्समधून इनलाइन वगळले गेले. दूरचित्रवाणी गेली, मोठ्या कंपन्या गेल्या. ज्यांच्या बुटांची आठवण जुने स्केटर आजही काढतात, त्या फ्रान्सच्या सालोमोननेही हे काम बंद केले. राहिले ते स्केटरांनीच चालवलेले छोटे छाप. जॉन ज्युलिओ यांनी व्हालो काढला, पुढे देम स्केट्स काढला आणि कॅलिफोर्नियातल्या सँटा आना इथे ब्लेडिंग कप भरवला. खेळ लहान झाला, पण बूट सुधारत राहिला. माझ्या मते आजचा बूट त्या झगमगाटाच्या काळातल्या बुटापेक्षा कितीतरी चांगला आहे.

त्याला एक मोठे कारण यूएफएस, म्हणजे फ्रेम बसवण्याचे सामाईक माप. पूर्वी प्रत्येक कंपनी फ्रेम आपल्या पद्धतीने बसवायची. एकीची फ्रेम दुसरीच्या बुटाला लागत नसे. २००० च्या सुमारास अनेक कंपन्यांनी एकच माप मान्य केले: सपाट तळ, दोन बोल्ट. तेव्हापासून बूट एकाचा, फ्रेम दुसऱ्याची, चाके तिसऱ्याची असा जोड बांधता येऊ लागला. चाकातले बेअरिंगही जगभर चालणारे ६०८ मापाचे, आत ८ मिलिमीटर, बाहेर २२. एका चाकात दोन. स्केटबोर्डमध्येही तेच असते.

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहरात कामानिमित्त राहणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच. इथे स्ट्राइप-एस या फिलिप्सच्या जुन्या कारखान्यांच्या परिसरात एरिया ५१ नावाचे बंदिस्त स्केटपार्क आहे आणि विंटरक्लॅश ही या खेळातली मानाची स्पर्धा तिथे भरते. मी घेतलेला नवा जोड पायात घालून तिथेच गेलो, कारण नव्या जोडाला गुळगुळीत फरशी आणि मेण लावलेली बुटकी कड लागते.

आधी बूट पायात बसावा लागतो. नवा बूट चावतोच. कडक शेलच्या आत वेगळा काढता येणारा लायनर असतो. काही लायनर गरम करून पायाच्या आकारावर बसवता येतात, बाकीचे पायाच्याच उबेने हळूहळू दबतात. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवले की ती मागे सरावीत, हे खरे माप. दुकानात उभ्या उभ्या सैल वाटला तो बूट पार्कमध्ये टाच उचलू देतो, आणि टाच उचलली की पाय कुठे आहे ते कळत नाही. नाडी घट्ट, पायाच्या वळणावरचा तिरका पट्टा त्याहून घट्ट, घोट्याभोवतीचा कफ मात्र थोडा सैल, मला असे आवडते. गुडघा बोटांच्या पुढे झुकवता आला पाहिजे. टाचेखाली धक्का झेलणारा जाड तुकडा असतो. त्याची किंमत उंचावरून उतरल्यावर कळते. फ्रान्सचे स्केटर तैग क्रिस यांनी २०१० मध्ये आयफेल टॉवरवर उभारलेल्या मंचावरून साडेबारा मीटर मोकळ्या हवेतून खाली येऊन रॅम्प गाठला होता. आमच्यासारख्यांना चार पायऱ्यांवरूनही तो तुकडा पुरेसा पटतो.

मग ग्राइंड. साच्यातून नुकत्याच निघालेल्या सोलप्लेटवर एक चिकट, करकरीत थर असतो. ओळखीच्या कडेवर जुना बूट जिथे सुळकन जातो, तिथे नवा मध्येच अडकतो आणि वरचे अंग पुढे जाते. म्हणून कडेला मेण घासायचे. कॅरमच्या पटावर बोरिक पावडर टाकतात, तसेच हे काम. काही जण सोलप्लेटलाही मेण लावतात, खाचेच्या धारदार कडा काचकागदाने मारतात. फ्रंटसाइड नावाचा ग्राइंड आधी करावा: दोन्ही पाय कडेला आडवे, कड दोन्ही खाचांत, गुडघे वाकलेले, वजन किंचित मागे. नव्या एच-ब्लॉकमधून येणारा आवाज कोरडा आणि खरखरीत असतो. त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा गेले की तो बदलतो, लांबट आणि मऊ होतो. खाचेत चकाकी आली की समजावे, प्लास्टिक कामाला लागले.

सोल ग्राइंड त्याहून नाजूक. पुढचा पाय खाचेवर आडवा, मागचा पाय कडेच्या दिशेने लांबट, बाहेरच्या सोलप्लेटवर. मागचे पाऊल जितके सपाट बसेल तितका बूट स्थिर, आणि नवी सोलप्लेट रुंद व कोरी असल्याने इथे ती जुन्या बुटापेक्षा चांगली धरते. पुढे एका पायावरचा माकिओ, मग मिझू, ॲसिड, रॉयाल, फिशब्रेन अशी नावांची मोठी ओळ आहे. प्रत्येक नाव म्हणजे तळव्याचा कोणता कोपरा टेकतो आणि कोणता उचलतो त्याचा हिशेब. जुना स्केट उलटा करून दाखवला तर जाणकार खुणा बघून सांगतो की याचा उजवा पाय मागे असतो, हा पाठीच्या बाजूने करायच्या बॅकसाइड ग्राइंडला घाबरतो.

मधल्या चाकांबद्दल स्केटरांत जुना वाद आहे. अँटीरॉकर लावले, म्हणजे मधली दोन चाके काढून लहान, दगडासारखी कडक चाके घातली, तर कड सहज आत शिरते आणि ग्राइंड निश्चिंत होतो, पण चालताना स्केट रेटावा लागतो. चारही चाके सारखी ठेवली तर वेग मिळतो, वळण सुंदर येते, मात्र कड नेमकी खाचेतच पडायला हवी. आजचे अनेक चांगले स्केटर सपाट चार चाकांवर खेळतात. पार्कमध्ये शिकताना अँटीरॉकरच हवेत, असे मला ठामपणे वाटते. भीती कमी असली की गुडघे वाकतात, आणि गुडघे वाकले की बाकीचे येते. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि मनगटाचे गार्ड यांच्याबरोबर नडगीचे गार्डही घ्यावेत. पाय निसटला की पाइप आधी नडगीवर बसतो.

अलीकडे यूएसडी कंपनीच्या एऑनने वेगळी वाट धरली. त्यात बूट आणि फ्रेम एकाच साच्यातून निघतात. जोडणी नाही, म्हणून उंची कमी, वजन कमी, आणि पायाचा जोर थेट चाकात जातो. घालून बघितला तर जमिनीशी इतकी सलगी दुसऱ्या बुटात मिळत नाही हे मान्य करावे लागते. सोलप्लेट त्यातही बदलता येते. पण खाच झिजून चाकांच्या आसांपर्यंत गेली की फ्रेम एकटी बदलता येत नाही, सारा बूट जातो. मी यूएफएसचा जोड घेतला तो याच कारणाने. काच मिसळलेल्या नायलॉनची फ्रेम टणक असते, जोर वाया जाऊ देत नाही. जास्त रेणूभाराच्या पॉलिथिलीनची फ्रेम थोडी लवचिक, पण पाइपवर पाण्यासारखी सरते. दोन बोल्ट सोडले की एकीच्या जागी दुसरी बसवता येते. आत्ता नायलॉनची आहे. ती झिजली की दुसरी लावून बघायची आहे, त्याच बुटाला, कारण तोवर लायनर पायाला बसलेला असेल आणि सोलप्लेट ऐन रंगात आलेली असेल.